तार सुटली तेव्हा माणूस जिवंत होता

११ नोव्हेंबर २००६, शनिवार. दुपारी वाशीतून दोन माणसांना साध्या वेशातल्या लोकांनी गाडीत घातले आणि गाडी निघून गेली. त्यातला एक रामनारायण गुप्ता. त्याला सगळे लखनभैया म्हणत. छोटा राजनच्या टोळीशी त्याचे संबंध असल्याचे पोलीस सांगत आणि त्याच्या नावावर गुन्हेही होते. दुसरा त्याचा मित्र. लखनभैयाचा भाऊ रामप्रसाद वकील. मुंबईत तोवर इतकी वर्षे चकमकी चालल्या होत्या की उचललेला माणूस कोर्टासमोर उभा राहिला नाही तर दुसऱ्या दिवशी पेपरात कोणती बातमी येते, हे सांगायला वकील असण्याचीही गरज नव्हती. रामप्रसादने तारा केल्या, फॅक्स पाठवले. पोलीस आयुक्तांना कळवले, सरकारातल्या वरिष्ठांना कळवले. भावाला पोलिसांनी उचलले आहे, खोट्या चकमकीत त्याला मारून टाकतील.

रात्री आठच्या सुमारास वर्सोव्याच्या नाना-नानी पार्कजवळ लखनभैया गोळ्या लागून मेला. पोलिसांनी सांगितलेली हकिगत नेहमीची होती. खबर मिळाली, सापळा लावला, शरण यायला सांगितले, त्याने गोळी झाडली, मग स्वसंरक्षणासाठी पोलिसांनीही झाडल्या.

ही हकिगत याआधी शेकडो वेळा पचली होती. या वेळी मात्र चकमकीच्या काही तास आधी तिची भीती व्यक्त करणारा कागद सरकारी यंत्रणेतून, वेळेची नोंद होऊन, सरकारच्याच दारात पोचला होता. भावाने तो कागद सोडला नाही. २००८ मध्ये उच्च न्यायालयाने न्यायदंडाधिकाऱ्यांची चौकशी लावली. चकमक खोटी असल्याचे त्यातून दिसल्यावर २००९ मध्ये पोलीस उपायुक्त के. एम. एम. प्रसन्ना यांच्या नेतृत्वाखाली विशेष तपास पथक नेमले. जुलै २०१३ मध्ये सत्र न्यायालयाने २१ जणांना जन्मठेप सुनावली. त्यातले १३ पोलीस. चकमक करणाऱ्या पथकाचे प्रमुख म्हणून ज्यांच्याकडे बोट दाखवले जात होते ते पोलीस अधिकारी प्रदीप शर्मा मात्र सुटले. त्याच महिन्यात देशातली तार सेवा कायमची बंद झाली. पुढे १९ मार्च २०२४ ला उच्च न्यायालयाच्या न्यायमूर्ती रेवती मोहिते-डेरे आणि न्यायमूर्ती गौरी गोडसे यांच्या खंडपीठाने शर्मा यांची सुटका रद्द केली आणि त्यांनाही जन्मठेप दिली. सत्र न्यायालयाने त्यांच्याविरुद्धचा भक्कम पुरावा नजरेआड केला होता, असे खंडपीठाचे म्हणणे पडले. तेरा जणांची शिक्षा कायम राहिली, सहा जण सुटले, दोघे आधीच मरण पावले होते. शर्मा सर्वोच्च न्यायालयात गेले आणि तिथे त्यांना तूर्त दिलासा मिळाला.

लखनभैयाच्या सज्जनपणाची ग्वाही देण्याचे इथे काही कारण नाही. विचार करायचा आहे तो त्याला मारणाऱ्या हातांचा. ज्या हातांना एके काळी सगळ्या शहराने टाळ्या दिल्या, ते वर्सोव्याच्या त्या कोपऱ्यापर्यंत कसे पोचले?

* * *

नव्वदच्या दशकातली मुंबई ज्यांनी पाहिली, त्यांना टाळ्या का वाजल्या हे समजावून सांगावे लागत नाही. फोन वाजला की व्यापाऱ्याच्या घरात शांतता पसरे. 'पेटी' म्हणजे लाख आणि 'खोका' म्हणजे कोटी, हे शाळकरी पोरांनाही कळू लागले होते. १६ जानेवारी १९९७ ला पवईत कामगार नेते दत्ता सामंत यांना गाडीत गोळ्या घातल्या. त्याच वर्षी १२ ऑगस्टला अंधेरीत देवळातून बाहेर पडणाऱ्या गुलशनकुमार यांना भरदिवसा मारले. बिल्डर, हॉटेलवाले, लोकप्रतिनिधी कोणीच सुटत नव्हते. पकडलेला गुंड जामिनावर बाहेर येई, साक्षीदार फुटत, तारखांवर तारखा पडत. लोकांचा संयम सुटला यात नवल नव्हते, आणि त्या वेळच्या मध्यमवर्गीय माणसाला रक्तपिपासू म्हणणे अन्यायाचे होईल. त्याला भीती वाटत होती आणि ती खरी होती.

पोलिसांकडे तोवर एक वाट तयार झाली होती. ११ जानेवारी १९८२ ला वडाळ्यात आंबेडकर महाविद्यालयाजवळ मन्या सुर्वे मारला गेला. मुंबईतल्या चकमकींची मोजणी बहुतेक जण तिथूनच सुरू करतात. १६ नोव्हेंबर १९९१ ला लोखंडवाला संकुलात आफताब अहमद खान यांच्या नेतृत्वाखाली पोलिसांनी एका इमारतीला दिवसाढवळ्या वेढा घालून माया डोळस, दिलीप बुवा आणि त्यांच्या साथीदारांना ठार केले. ही दोन उदाहरणे आणि नंतरच्या दहा-पंधरा वर्षांतला प्रकार यांत फरक आहे. आधी चकमक हा प्रसंग होता, पुढे ती पद्धत झाली.

ती पद्धत काही ठरावीक माणसांच्या नावाने ओळखली जाऊ लागली. नाशिकच्या पोलीस प्रशिक्षण महाविद्यालयातून १९८३ मध्ये बाहेर पडलेल्या उपनिरीक्षकांच्या एकाच तुकडीत प्रदीप शर्मा, विजय साळसकर, प्रफुल्ल भोसले, रवींद्र आंग्रे होते. नंतर दया नायक, सचिन वाझे आले. वर्तमानपत्रे त्यांना 'चकमकफेम' म्हणू लागली. शर्मा यांच्या नावावर शंभराहून अधिक माणसे मारल्याची नोंद सांगितली जाई, वाझे यांच्या नावावर साठाहून अधिक. क्रिकेटपटूंच्या शतकांसारखी ही मोजणी छापून येत असे. २००४ मध्ये आलेल्या एका हिंदी चित्रपटाच्या नावातच आकडा होता, 'अब तक छप्पन', आणि त्यातला पोलीस नाना पाटेकर यांनी रंगवला होता.

कागदावर काय होत असे, हे मात्र कोणी फारसे पाहत नव्हते. चकमकीनंतर गुन्हा नोंदला जाई तो मेलेल्या माणसावर. खुनाचा प्रयत्न, बेकायदा शस्त्र बाळगणे. फिर्यादी गोळी झाडणारा पोलीस, तपास त्याच्याच शेजारच्या टेबलावर, साक्षीदार त्याच्याच पथकातले. आरोपी मयत, म्हणून प्रकरण 'ॲबेटेड समरी'त बंद. एक माणूस मारला गेला आहे आणि तो का व कसा मारला गेला हे तपासायचे आहे, असा गुन्हाच कुठे नोंदलेला नसे. मारणाऱ्याला बक्षीस आणि बढतीची आशा, मेलेल्याच्या घरच्यांना अंत्यविधीची घाई. या रचनेत देव बसवला असता तरी तो काही वर्षांत बिघडला असता.

मराठी लेखणीने हे फार आधी ओळखले होते. श्री. दा. पानवलकर यांच्या 'सूर्य' या कथेवरून विजय तेंडुलकरांनी पटकथा लिहिली आणि गोविंद निहलानी यांनी १९८३ मध्ये 'अर्धसत्य' केला. शर्मा-साळसकरांची तुकडी नाशिकहून बाहेर पडली तेच वर्ष. चित्रपटातला उपनिरीक्षक अनंत वेलणकर प्रामाणिक आहे, रागीट आहे, रामा शेट्टी नावाच्या गुंडापुढे आणि त्याला पाठीशी घालणाऱ्या वरिष्ठांपुढे तो हरतो. हरल्याचा राग तो कोठडीतल्या एका किरकोळ चोरावर काढतो आणि त्याच्या हातून तो माणूस मरतो. शेवटी वेलणकर रामा शेट्टीला मारतो तेव्हा प्रेक्षागृहात टाळ्या पडत. पण तेंडुलकरांनी आधी कोठडीतला मृत्यू दाखवला आहे आणि ते फार महत्त्वाचे आहे. प्रामाणिक माणसाच्या रागाला वाट मिळाली की तो आधी कोणावर कोसळतो? जो सर्वांत दुबळा आहे, ज्याच्यासाठी कोणी विचारायला येणार नाही, त्याच्यावर. रामा शेट्टीची पाळी नंतर येते, आणि खऱ्या आयुष्यात बहुतेक वेळा येतच नाही. वेलणकर मारल्यानंतर स्वतः पोलीस ठाण्यात हजर होतो. मुंबईच्या पथकांना तसे काही करावे लागले नाही.

* * *

यावर सर्वांत कठीण प्रतिप्रश्न नागपुरातून येतो, आणि त्याला बगल देणे अप्रामाणिकपणाचे होईल.

कस्तुरबानगर वस्तीत अक्कू यादव नावाच्या गुंडाने दहा-बारा वर्षे दहशत बसवली होती. खून, खंडणी, आणि बायकांवर, मुलींवर बलात्कार. तक्रार करायला गेलेल्या बाईचे नाव ठाण्यातूनच त्याच्यापर्यंत पोचते, असा वस्तीचा अनुभव होता. तक्रारीनंतर पोलीस तिच्याच चारित्र्यावर बोलत. घरे सोडून माणसे निघून गेली. ऑगस्ट २००४ मध्ये वस्तीने त्याचे घर पाडले, तेव्हा स्वतःचा जीव वाचवायला तो पोलिसांकडे गेला. तो पुन्हा सुटणार, अशी कुणकुण लागली. १३ ऑगस्टला त्याला जिल्हा न्यायालयात आणले तेव्हा वस्तीतल्या बायकांचा मोठा जमाव तिथे जमला होता. हातात तिखट होते, भाजी चिरायच्या सुऱ्या होत्या. न्यायालयाच्या खोलीतच त्याच्यावर तिखट उधळले गेले आणि काही मिनिटांत तो मेला. पोलिसांनी काही बायकांना पकडले, तेव्हा सगळी वस्ती म्हणाली की आम्हालाही पकडा, आम्ही सगळ्यांनी मारले. खटला दहा वर्षे चालला आणि २०१४ मध्ये पुराव्याअभावी सगळे आरोपी सुटले.

त्या बायकांना दोष द्यायला जीभ रेटत नाही. त्यांनी सरकारकडे जायचे सगळे रस्ते चालून पाहिले होते आणि प्रत्येक रस्त्याच्या टोकाला अक्कू यादवच उभा होता. तरीही खून तो खून, हे वाक्य खरे आहे. त्या खोलीत ज्या न्यायाधीशांपुढे तो आणला गेला, त्यांचे काम त्याच क्षणी संपले. त्याने कोणाकोणावर काय केले, कोणत्या पोलिसाने त्याला पाठीशी घातले, याची कोर्टात शपथेवर नोंद व्हायची राहूनच गेली. त्याला सांभाळणाऱ्यांना याचा फायदा झाला.

पण मुंबईची पथके आणि कस्तुरबानगरच्या बायका यांना एका तराजूत घालता येत नाही, कारण दुसऱ्या दिवशी काय झाले ते पाहावे लागते. बायका धुणीभांडी, शिवणकाम, घर या रोजच्या कामांत परतल्या, आणि डोक्यावर खटला घेऊन परतल्या. त्या खुनाने त्यांच्या हाती सत्ता दिली नाही. पुढच्या माणसाला मारायचे की सोडायचे हे ठरवण्याची खुर्ची त्यांना मिळाली नाही. मुंबईत मिळाली.

आणि जमावाच्या न्यायाचे दुसरे टोक धुळे जिल्ह्यात आहे. १ जुलै २०१८. साक्री तालुक्यातले राईनपाडा. मंगळवेढा भागातून भिक्षा मागत फिरणाऱ्या नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांना, मुले पळवणारी टोळी समजून, गावातल्या जमावाने मारून टाकले. ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडून मारले. मोबाइलवर फिरणारी एक अफवा एवढाच आधार होता. मारणाऱ्यांपैकी अनेकांना त्या क्षणी आपण आपल्या लेकरांचे रक्षण करतो आहोत असेच वाटत असणार. कस्तुरबानगरच्या जमावाला माहीत होते कोणाला मारतो आहोत. राईनपाड्याच्या जमावालाही तसेच वाटत होते. खात्री दोन्हीकडे सारखीच होती. ती खरी की खोटी हे तपासणारी जागा मात्र दोन्हीकडे बाजूला पडली होती, आणि न्यायालय ही नेमकी तेवढीच जागा आहे.

* * *

आता मुंबईकडे परत. पथके बिघडली ती माणसे वाईट होती म्हणून, असे सांगितले की विषय सोपा होतो. तो तसा नाही. विजय साळसकर २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री कामा रुग्णालयाजवळ हेमंत करकरे आणि अशोक कामटे यांच्यासोबत दहशतवाद्यांच्या गोळ्यांनी मारले गेले. त्यांच्या शौर्याबद्दल शंका घेणारा माणूस शोधून सापडणार नाही. दया नायक यांच्यावर बेहिशेबी मालमत्तेचा आरोप झाला, त्यात अटकही झाली, आणि पुढे त्यातून ते सुटले. प्रत्येकाची गोष्ट वेगळी आहे. त्यांना ज्या जागेवर बसवले ती जागा मात्र एकच होती.

त्या जागेचा व्यवहार असा. चकमकीसाठी खबर लागते. कुठला गुंड कुठल्या खोलीत झोपतो हे शेजारच्या सज्जनाला माहीत नसते, ते दुसऱ्या गुंडाला माहीत असते. म्हणजे ज्या टोळीकडून खबर येते, तिच्या शत्रूचा माणूस मरतो. पोलिसाची गोळी नकळत एका टोळीच्या कामी येऊ लागते. पुढची पायरी म्हणजे हे नकळत राहत नाही. कोणाला मारायचे याची लेखी यादी कुठेच नाही, त्यामुळे यादीत नाव घालणे आणि यादीतून नाव काढणे, दोन्हीला भाव येतो. ज्याला जिवाची भीती आहे तो पैसे देईल. ज्याला एखाद्याचा जीव घ्यायचा आहे तोही देईल. बिल्डरांचे जमिनीचे वाद, भागीदारांची भांडणे, वसुली, सगळे त्या दाराशी येऊन थांबते. ज्या अधिकाऱ्याला चकमकीत नाव मिळाले आहे त्याने फोनवर नुसता आवाज चढवला तरी काम होते. बंदूक बाहेर काढायचीही गरज उरत नाही.

लखनभैयाच्या प्रकरणात हेच घडल्याचा आरोप होता. त्याच्याशी वैर असलेल्या, जमिनीच्या व्यवहारातल्या माणसाने पोलिसांकरवी त्याला संपवले, असा तपासाचा निष्कर्ष होता. आरोपी पोलिसांच्या जामिनाचा प्रश्न २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयात गेला तेव्हा न्यायमूर्ती मार्कंडेय काटजू आणि न्यायमूर्ती ग्यान सुधा मिश्रा यांनी जामीन रद्द होणेच योग्य ठरवले. खासगी माणसांनी आपल्या विरोधकाला मारण्यासाठी पोलिसांना लावले आणि पोलिसांनी भाडोत्री मारेकऱ्यांसारखे काम केल्याचे सकृतदर्शनी दिसते, असे त्यांनी लिहिले. खोट्या चकमकीत मारणाऱ्या पोलिसाला फाशीच द्यायला हवी, असेही त्या निकालात आहे. फाशीचा तो आग्रह पटण्यासारखा नाही. उचलून नेऊन मारणाऱ्याला दोर लावून मारल्याने मूळ दुखणे जात नाही. पण भाडोत्री मारेकरी हा शब्दप्रयोग देशाच्या सर्वोच्च न्यायालयाने पोलिसांसाठी वापरावा, यावरून गोष्टी कुठवर गेल्या होत्या ते कळते.

त्याच वर्षी, मार्च महिन्यात, लखनभैयाबरोबर वाशीतून उचललेला त्याचा मित्र नाहीसा झाला. तो खटल्यातला मुख्य साक्षीदार होता आणि काही दिवसांत त्याची साक्ष व्हायची होती. त्याचा मृतदेह मनोरजवळ सापडला. तेरा वर्षांनी निकाल देतानाही त्या मृत्यूला जबाबदार कोण हे कोणी शोधून काढले नाही, याबद्दल उच्च न्यायालयाने खेद नोंदवला.

शिक्षा झालेल्यांच्या मागे सरकारही उभे राहिले. २०१५ च्या अखेरीस राज्याच्या गृह खात्याने यातल्या अकरा पोलिसांची जन्मठेप सहा महिन्यांसाठी स्थगित केली. खुनाच्या गुन्ह्यात दोषी ठरलेल्या माणसांना असे बाहेर काढण्याचा निर्णय उच्च न्यायालयाने नंतर रद्द केला. पण तो कागद निघाला होता, त्यावर सही झाली होती.

ख्वाजा युनूसची गोष्ट याहून कमी ठाऊक आहे आणि ती जास्त ठाऊक असायला हवी. परभणीचा, सत्तावीस वर्षांचा अभियंता. २ डिसेंबर २००२ ला घाटकोपरला बसमध्ये स्फोट झाला, त्या प्रकरणात त्याला पकडले. जानेवारीत पोलिसांनी सांगितले की त्याला तपासासाठी नेताना वाटेत पारनेरजवळ गाडीला अपघात झाला आणि तो पळाला. त्याच्याबरोबर पकडलेल्या एका डॉक्टरने न्यायालयात सांगितले की कोठडीत त्याला पट्ट्याने मारताना आपण पाहिले, त्याला रक्ताची उलटी झाली. त्याचा मृतदेह कधीच मिळाला नाही. त्याच्याबरोबरचे आरोपी त्या स्फोटाच्या खटल्यातून २००५ मध्ये निर्दोष सुटले. गुन्हे अन्वेषण विभागाच्या तपासात चौदा पोलिसांची नावे आली, सरकारने खटल्याची परवानगी चौघांपुरती दिली. त्या चौघांत सचिन वाझे होते. वाझे निलंबित झाले, त्यांनी राजीनामा दिला, ते शिवसेनेत गेले. युनूसची आई आसिया बेगम न्यायालयाच्या पायऱ्या चढत राहिल्या.

जून २०२० मध्ये वाझे पुन्हा पोलीस दलात घेतले गेले. नुसते घेतले नाहीत, गुन्हे शाखेतले महत्त्वाचे पथक त्यांच्या हाती दिले. नऊ महिन्यांत, २५ फेब्रुवारी २०२१ ला, मुकेश अंबानी यांच्या घराजवळ जिलेटिनच्या कांड्या ठेवलेली गाडी सापडली. त्या गाडीशी संबंध असलेले ठाण्याचे व्यापारी मनसुख हिरेन यांचा मृतदेह ५ मार्चला मुंब्र्याच्या खाडीत मिळाला. राष्ट्रीय तपास संस्थेने वाझे यांना अटक केली, पुढे जूनमध्ये प्रदीप शर्मा यांनाही केली. दोघांनी आरोप नाकारले आहेत आणि त्यांचा निवाडा न्यायालयाने करायचा आहे. पण आधीच्या प्रश्नाचे उत्तर राज्याने द्यायला हवे होते. कोठडीत माणूस मारल्याच्या खटल्यातल्या आरोपीला, तो खटला चालू असताना, इतकी ताकद परत का दिली? कामाचा माणूस म्हणून? काय काम?

शर्मा यांनी २०१९ मध्ये नोकरी सोडून नालासोपाऱ्यातून विधानसभा लढवली आणि ते हरले. त्यात बेकायदा काही नव्हते. पण पक्षांना असा उमेदवार हवासा वाटावा, यातून मतदारांनाही एक निरोप मिळतो.

* * *

कोर्टात काही होत नाही, हे वाक्य या सगळ्याच्या मुळाशी आहे. ते किती खरे आहे?

२००६ च्या पावसाळ्याअखेरीस, सप्टेंबरमध्ये, आर्थर रोड तुरुंगातल्या विशेष न्यायालयात न्यायाधीश प्रमोद कोदे १९९३ च्या बॉम्बस्फोटांचा निकाल वाचू लागले होते. २५७ माणसे मेली होती. एकेका आरोपीचे नाव घेत निकाल महिनोन्‌महिने चालला आणि शंभर जण दोषी ठरले. लखनभैयाला वर्सोव्यात मारले त्या आठवड्यात हे वाचन चालू होते. खटल्याला तेरा वर्षे लागली, ही लाजेची गोष्ट आहे. पण पुरावा जमवणारे तपास अधिकारी याच मुंबई पोलिसांचे होते.

दोन वर्षांनी, साळसकर मारले गेले त्याच रात्री, गिरगाव चौपाटीजवळ सहायक उपनिरीक्षक तुकाराम ओंबळे यांनी अजमल कसाबच्या रायफलीची नळी हातांनी धरून ठेवली. गोळ्या त्यांच्या पोटात गेल्या आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कसाबला जिवंत पकडले. त्या क्षणी त्याला तिथेच संपवले असते तर देशातला एकही माणूस पोलिसांना बोलला नसता. तो जिवंत राहिला म्हणून पाकिस्तानातला कट नावानिशी सिद्ध करता आला. न्यायाधीश एम. एल. टहलियानी यांच्यापुढे खटला उभा राहिला आणि २०१० मध्ये निकाल लागला. त्याच खटल्यात मदतीचा आरोप असलेले दोन भारतीय आरोपी पुराव्याअभावी निर्दोष सुटले आणि ती सुटका सर्वोच्च न्यायालयानेही कायम ठेवली. कटातल्या माणसाला फाशी आणि ज्यांच्यावर सिद्ध झाले नाही त्यांना सुटका, हे वेगळे करण्याचे काम बंदुकीला जमत नाही. ओंबळे यांचे शौर्य आपण पुतळ्यात जपतो. त्यांनी त्या रात्री काय वाचवले, याचा विचार मात्र आपण कमी करतो.

सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०१४ मध्ये, महाराष्ट्रातल्याच एका याचिकेवर, चकमकींसाठी सोळा नियम घालून दिले. प्रत्येक मृत्यूचा स्वतंत्र तपास व्हावा, दुसऱ्या ठाण्याने किंवा गुन्हे अन्वेषण विभागाने तो करावा, वापरलेली शस्त्रे तपासणीला द्यावीत, घटनेनंतर लगेच मुदतीआधीची बढती किंवा शौर्यपदक देऊ नये. पाच वर्षांनी हैदराबादला काय झाले? एका तरुण पशुवैद्य स्त्रीवरच्या बलात्कार आणि खुनानंतर चार आरोपींना ६ डिसेंबर २०१९ च्या पहाटे पोलिसांनी मारले. पोलिसांवर फुले उधळली गेली. सर्वोच्च न्यायालयाने नागपूरचे निवृत्त न्यायमूर्ती विकास सिरपूरकर यांच्या अध्यक्षतेखाली आयोग नेमला. मुंबई उच्च न्यायालयाच्या निवृत्त न्यायमूर्ती रेखा सोंडूर-बलदोटा त्यात होत्या. आयोगाला पोलिसांची हकिगत खोटी वाटली. चौघांपैकी तिघे घटनेच्या वेळी अल्पवयीन होते, असा निष्कर्ष त्यांनी काढला आणि दहा पोलिसांवर खुनाचा खटला चालवायची शिफारस केली. फुले उधळली जात असताना त्या तिघांची वये कोणी विचारली नव्हती.

बदलापूर सर्वांच्या आठवणीत ताजे आहे. ऑगस्ट २०२४ मध्ये शाळेत दोन चिमुरड्यांवर अत्याचार झाला. तक्रार नोंदवायला पालकांना पोलीस ठाण्यात तासन्‌तास थांबावे लागले. २० ऑगस्टला संतापलेल्या लोकांनी बदलापूर स्थानकात लोकल अडवल्या. २३ सप्टेंबरला आरोपीला तळोजा तुरुंगातून नेताना, मुंब्र्याजवळ, पोलिसांच्या बंद गाडीत तो मारला गेला. त्याने पोलिसाचे पिस्तूल हिसकावून गोळी झाडली, असे सांगण्यात आले. गोळी झाडणारे निरीक्षक पूर्वी ठाण्याच्या खंडणीविरोधी पथकात प्रदीप शर्मा यांच्या हाताखाली होते. मुंबईत 'बदला पुरा' असे फलक लागले. न्यायदंडाधिकाऱ्यांच्या अहवालात पिस्तुलावर आरोपीच्या बोटांचे ठसे नसल्याचे आले आणि पाच पोलिसांना जबाबदार धरले गेले. फेब्रुवारी २०२५ मध्ये मृताच्या आईवडिलांनी आपल्याला प्रकरण पुढे चालवायचे नाही असे उच्च न्यायालयाला सांगितले. न्यायालयाने न्यायमित्राच्या मदतीने सुनावणी चालू ठेवली आणि ७ एप्रिलला विशेष तपास पथक नेमून पाच पोलिसांविरुद्ध गुन्हा नोंदवण्याचा आदेश दिला.

त्या दोन मुलींच्या पदरात काय पडले? मुख्य आरोपीवरचा खटला तो मेल्यामुळे संपला. शाळेत त्याला लहान मुलींपर्यंत इतक्या सहज कसे पोचता आले, याआधी कोणाच्या लक्षात काही आले होते का, हे साक्षीपुराव्याने उलगडायची सर्वांत मोठी संधी त्याच्याबरोबर गेली. शाळेच्या दोन विश्वस्तांना ऑक्टोबर २०२४ मध्ये अटक झाली. घटना कळूनही पोलिसांना न कळवल्याचा आरोप त्यांच्यावर आहे. ते प्रकरण साध्या रीतीने, तारखा, जबाब, उलटतपासणी या वाटेने जायचे आहे. त्याच्या सुनावणीला फलक लावायला कोणी जाणार नाही. त्या मुलींच्या पालकांना मात्र तिथे जावे लागेल, आणि तिथे जे बोलले जाईल तेवढेच त्यांना खरे म्हणून मिळेल.